तांब्याच्या दासीचा डावा हात

जमादिलाखर २४

अल्तून खातूनच्या हवेलीवरून बोलावणं आलं तेव्हा मी लाजवर्द गाळत होतो. हात कोपरापर्यंत निळे. उनैसा मागून ओरडली, "दादा, हात तरी धू!" पण मी तसाच निघालो. मोठ्या घरच्या बोलावण्याला उशीर करू नये. शिवाय निळ्या हातांचा नक्काश पाहिला की गिऱ्हाइकाला खात्री पटते, असा माझा अनुभव आहे.

खातूनसाहेब म्हणजे मागच्या किल्लेदारांच्या विधवा. त्यांच्या कारभाऱ्यानं, जुरैकनं, माझ्यापुढे एक जाड पुस्तक ठेवलं. यंत्रांचं पुस्तक. पाणी उपसणारी यंत्रं, वेळ सांगणारी यंत्रं, आपोआप नगारा वाजवणारी माणसं. पानापानावर चित्रं. किल्लेदारसाहेबांचं फार लाडकं होतं म्हणे. आता कसरीनं त्याची चाळण केली आहे. मला त्याची नवी प्रत करायची आहे, मजकूर आणि चित्रं दोन्ही.

"हुबेहूब," जुरैक म्हणाला. "हुबेहूब म्हणजे हुबेहूब. मी कर्कटक लावून मोजणार आहे."

"कारभारी, मी जन्मात दुसरं काही केलेलं नाही," मी म्हटलं.

खातूनसाहेबांनी मग स्वतःच ते पान उघडायला सांगितलं. तांब्याची एक दासी, उजव्या हातात झारी, डाव्या हातात पंचा, डोक्यावरच्या कमानीत एक पक्षी. हात धुवायचं यंत्र. खातूनसाहेबांना हे यंत्र खरोखरीचं हवं आहे, रमजानचा चंद्र दिसायच्या आत.

त्यांनी आपले हात पुढे केले. बोटं सुंठेच्या कुड्यासारखी वाकडी झाली आहेत. "नमाजाआधी पाणी घालायला पोरी आहेत माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "एक घालते ते कढत. दुसरी घालताना लग्नाच्या गप्पा सांगते. तिसरी माझ्या बोटांकडे बघून चुकचुकते. देवापुढे उभं राहायच्या आधी मला कुणाचं तोंड बघायचं नाही, मुफर्रिज. एवढंच."

भिंतीशी एक उंच माणूस हाताची घडी घालून उभा होता. मोसुलचा तांबट, वहबान नाव. यंत्र तो करणार. "होईल का रे?" खातूनसाहेबांनी विचारलं.

"पुस्तकात आहे तसं केलं, आणि पुस्तक खरं असलं, तर होईल," तो म्हणाला.

पुस्तक खरं असलं तर! माणसाला बोलायची रीत नाही.

रजब २

कामाला लागलो. जुन्या नक्काशाचा हात चांगला होता, हे मान्य केलं पाहिजे. यंत्राची पुढची भिंत त्यानं काढलेलीच नाही, त्यामुळे बाहेरची दासी आणि आतल्या नळ्या एकाच वेळी दिसतात. झारीची मान तर अशी वळवली आहे की मी ती तीनदा गिरवली. लाल हिंगूळ कुठे, सोनं कुठे, हे त्याला बरोबर कळलं होतं.

दुपारी वहबान दारात. त्याला दासीचं पान आधी हवं आहे. मी म्हटलं, पानं क्रमानं होतील. तो म्हणाला, "मग मी इथेच बसून मूळ पान पाहतो." अंगणात बसला. बराच वेळ पाहिलं. मग म्हणतो, "यातून पाणी पडायचं नाही."

"चित्रातून पाणी पडत नसतंच," मी म्हटलं.

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. उनैसा हसत होती बहुतेक. विधवा होऊन माझ्याकडे राहायला आल्यापासून ती फारशी हसत नाही, त्यामुळे माझा विनोद चांगला झाला असावा.

रजब ६

वहबान रोज येतो. मूळ पान हवेलीच्या हुकुमानं माझ्या घराबाहेर न्यायचं नाही, म्हणून तो इथेच येऊन मापं घेतो. एका पानाची मापं घ्यायला इतके दिवस लागतात, यावरून त्याच्या हुन्नराचा अंदाज करावा.

उनैसाला त्याची चीड आहे. तो आला की तिचा चेहरा लाल होतो आणि ती आत जाते. मी तिला म्हटलं, "थोडे दिवस सोस. खातूनसाहेबांचं काम आहे." ती म्हणाली, "सोसते हो दादा." गुणी आहे.

रजब ९

आमची भांडी एकाएकी गळायला लागली आहेत. आधी मोठं पातेलं, मग तेलाची झारी, आज तर दोन तपेल्या. उनैसानं ती सगळी वहबानपुढे आणून ठेवली. तो म्हणाला, तळ पातळ झालेत, डाख लावून कल्हई करून आणतो. मी पातेलं उचलून उजेडात धरलं, मला भोक दिसलं नाही. पण मी तांबट नाही.

त्या निमित्तानं त्यानं तिला यंत्र समजावून सांगितलं. मी रंग भरता भरता ऐकत होतो. पक्ष्याची शेपटी दाबली की वरच्या टाकीतलं पाणी झारीत उतरतं. झारीतली हवा शिट्टीतून बाहेर पडते, म्हणून पक्षी बोलतो. मग पाणी हातांवर, हातांवरून घंगाळात, घंगाळातून दासीच्या पायाखालच्या पेटीत. पेटीत तांब्याचा एक पोकळ गोळा आहे. पाणी चढलं की तो तरंगत वर येतो, त्याला बांधलेली दोरी सैल होते, आणि दासीचा डावा हात पंचा घेऊन पुढे येतो.

"म्हणजे पाणी कुठे जातं?" उनैसानं विचारलं. त्यानं परत सांगितलं. तिनं परत विचारलं. त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं, तितक्याच शांतपणे. एरवी ती इतकी मठ्ठ नाही.

रजब १५

आता यंत्राची चाचणी आमच्या अंगणात होणार आहे! वहबानचं दुकान तांबट आळीत, तिथे ठोकाठोकीत शिट्टी ऐकू येत नाही, असं त्याचं म्हणणं. मी नाही म्हणणार होतो, पण उनैसा म्हणाली, अंगण रिकामंच तर आहे. तुतीच्या झाडाखाली दासीचा सांगाडा उभा आहे. अजून नुसतं लाकूड आणि नळ्या, डोकं नाही. शेजारीण भिंतीवरून डोकावून विचारून गेली की आम्ही कुणाला पुरणार आहोत का.

रजब १९

चाललं नाही.

उनैसानं खातूनसाहेबांची जागा घेतली. शेपटी दाबली. पक्षी बोलला, आणि इतका गोड बोलला की तुतीवरच्या चिमण्या गप्प झाल्या. पाणी आलं. तिनं हात धुतले. पाणी घंगाळातून खाली गेलं. आणि मग काही नाही. दासीचा हात जागचा हलला नाही. उनैसा ओले हात पुढे धरून उभी, आम्ही दोघं तिच्याकडे बघत.

"देईल, देईल," वहबान म्हणाला. "विचार करतेय."

"तुमच्या मोसुलच्या बायका इतका विचार करतात?" उनैसानं विचारलं. तो हसला. मी त्याला प्रथमच हसताना पाहिलं. पुढचे दोन दात जरा वेडेवाकडे आहेत.

पेटी उघडून पाहिली. पाणी जेमतेम बोटभर चढलेलं. गोळा तळाशी नुसता डुलत होता.

रजब २२

वहबाननं दासीचा हात हलका केला. दोरी बदलली. गोळा मोठा केला. चाललं नाही. आता तर गोळाच पेटीत अडकतो. रमजान जवळ आला आहे. खातूनसाहेबांनी विचारायला माणूस पाठवला होता. त्याच्याबरोबर मिठाई होती, त्यामुळे जास्तच लाज वाटली.

रजब २३

आज दुपारी चाचणी फसल्यावर उनैसानं पेटीतलं पाणी वाया जाऊ नये म्हणून उंच सुरईत ओतलं. सुरई गळ्यापर्यंत भरली. ती सुरई उचलायला वाकली आणि वहबान म्हणाला, "थांबा. उचलू नका."

आम्ही तिघंही सुरईकडे बघत राहिलो. पाणी तेवढंच. पेटीत बोटभर, सुरईत हातभर.

"पेटी रुंद नको," वहबान म्हणाला. "अरुंद हवी. उंच आणि अरुंद."

"चित्रात रुंद आहे," मी म्हटलं.

"चित्र चुकलंय."

मला राग आला. मी मूळ पान घेऊन आलो. मजकुरात पेटीची मापं जिथे आहेत तिथेच कसरीनं खाल्लंय. 'पेटी अशी असावी' एवढं वाचता येतं, आणि 'अशी' म्हणजे कशी, तिथे भोक. भोकाच्या काठावर दोन बारीक काळे ठिपके. मी पहिल्या दिवसापासून ते माशीनं घाण केली असं धरून चाललो होतो आणि नव्या प्रतीत ते गाळणार होतो. आज भिंगातून पाहिलं. बोरूचे ठिपके आहेत, तिरके, शेजारी शेजारी. पुस्तक अरबीत आहे, आणि अरबीत 'रुंद' या शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर ठिपके नसतात. 'अरुंद'च्या असतात.

मी ते त्याला सांगितलं. मला वाटलं होतं, तो मिशीत हसेल. त्यानं माझा खांदा इतक्या जोरात दाबला की मला उजव्या हातानं आज रेष मारता येणार नाही. "वाचलंत, उस्ताद!" म्हणाला. "मी नुसता पाण्यावरून बोलत होतो. तुम्ही लिहिणाऱ्याचा शब्द काढलात."

माणूस वाटला होता तितका उद्धट नाही.

रजब २४

पण मग चित्र रुंद का? सकाळभर त्या पानासमोर बसलो आणि मला कळलं. जुन्या नक्काशालाही कुणाची तरी प्रतच करायची होती. अरुंद पेटी काढली तर एवढी भरघोस दासी काठीवर उभी केल्यासारखी दिसते. त्यानं पेटी रुंद केली. पान डौलदार झालं. मीही तेच केलं असतं.

शाबान १

नव्या पेटीनं चाललं, फक्त जरा जास्तच.

जुरैक कारभारी काम पाहायला आला होता. दासीच्या अगदी समोर वाकून पाहत होता, कर्कटक हातात. उनैसानं शेपटी दाबली. पक्षी बोलला, पाणी पडलं, आणि दासीनं ओला पंचा कारभाऱ्याच्या मुस्काटात दिला. पागोटं तुतीच्या आळ्यात.

कुणी हसलं नाही. म्हणजे तोंडावर हसलं नाही. उनैसा धावत आत गेली आणि बराच वेळ आली नाही.

जुरैकनं पागोटं झटकलं आणि पेटीकडे बोट केलं. "ही पुस्तकात अशी नाही."

मी ठिपक्यांचं सांगितलं. तो म्हणाला, "यंत्रात काय हवं ते करा. पुस्तकात पेटी जशी आहे तशीच येईल. तू नक्काश आहेस, मुफर्रिज. तुला कुणी शहाणपणा सांगितलेला नाही. बोटभर फरक दिसला, तर पुस्तक हलबला पाठवतो. तिथे पुष्कळ नक्काश आहेत, आणि का पाठवलं हेही त्यांना सांगेन."

शाबान ५

पान पूर्ण केलं. रुंद पेटी, हुबेहूब. पाणी निळं, पेटी लाल, काठ सोन्याचा. सुंदर झालं आहे. माझ्या हातून झालेलं बहुधा सगळ्यात सुंदर पान. चाळीस वर्षं लोक मला मुफर्रिज हुबेहूब म्हणतात, तेच माझं भांडवल आहे. नक्काशानं नक्कल करावी, नाहीतर उद्या प्रत्येक जण आपल्या अकलेनं पुस्तकं बदलत बसेल.

वहबानला दाखवलं. त्यानं खूप वेळ पाहिलं. "दासी फार छान उतरलीय," एवढंच म्हणाला. मग हत्यारं गोळा करायला लागला.

"पेटीचं काही बोलला नाहीत," मी म्हटलं.

"मी काय बोलणार? माझी दासी चालतेय. पण तांबं किती वर्षं टिकणार, उस्ताद? कधीतरी वितळवून कुणीतरी तपेल्या करील. मग कुठल्यातरी गावचा तांबट तुमचं पुस्तक उघडेल, आणि अंगणात बसून गोळा मोठा करून पाहील, दोरी बदलून पाहील." हत्यारं पिशवीत टाकत म्हणाला, "त्याच्याकडे सुरई असली म्हणजे बरं."

शाबान ७

वहबान काल आला नाही, आजही नाही. यंत्राला आता तांब्याचा पत्रा चढवायचा आहे, ते काम तो दुकानात करतो आहे. घर कसं शांत आहे. मला शांतता आवडते.

मसूर करपली. काल वांगी खारट होती. मी उनैसाला विचारलं, बरं नाही का? ती म्हणाली, "बरं आहे. भांडी गळत नाहीत आता."

मला वाटतं, पानाचं तिलाही आवडलेलं नाही.

शाबान १०

आज सकाळी पान समोर घेतलं आणि पेटी खरवडली.

 सोन्याचा काठ, हिंगूळ, सगळं चाकूनं. उनैसा शेजारी येऊन बसली. न सांगता तिनं रंगात घालायला अंड्याचा बलक फेटायला घेतला.  बाहेर नदीवरचा रहाट एकसारखा कण्हत होता. पाणी चढलं असावं.

अरुंद पेटी काढली. दासी काठीवर उभी केल्यासारखी दिसायला लागली, जशी मला भीती होती तशी. मग मी पेटीच्या दोन्ही बाजूंना दोन सरूची झाडं काढली. पुस्तकात झाडं नाहीत. आता शेळी गेलीच आहे तर दोरी कशाला राखा! समासात रुंद पेटी छोटी काढली आणि खाली लिहिलं: 'मूळ चित्रात पेटी अशी होती. मजकुराचा उरलेला अंश पाहून आणि पाणी ओतून पाहून आम्ही ती बदलली.'

'आम्ही' लिहिताना थांबलो होतो. पण 'मी' लिहिणं खोटं झालं असतं.

शाबान १७

वहबान दासी घेऊन आला, पूर्ण मढवलेली. उजेडात ठेवली तर बघवेना, इतकी झळकते. खातूनसाहेबांना बोटांनी शेपटी दाबता येणार नाही म्हणून त्यानं ती रुंद केली आहे, मनगटानंही दबते. आणि डाव्या हाताच्या खांद्यात शिसं भरलंय. आता हात कसा येतो, तर लाजत लाजत.

त्याच्या कामात एकच चूक आहे. हनुवटीच्या डावीकडे एक ठिपका उठला आहे. मी त्याला दाखवला. म्हटलं, माझ्या चित्रात असं काही नाही, मूळ पानातही नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चूक दाखवलेली कुणालाच आवडत नाही. मी विषय बदलून त्याला नवं पान दाखवलं.

 तो दोन्ही हातांनी पान धरून अंगणात उभा राहिला. मग उनैसाला हाक मारली, "बघितलंत का हे?"

"मीच तर बलक फेटला," ती म्हणाली.

तो जेवायला थांबला. वांगी बरोबर झाली होती.

शाबान २४

आज हवेलीवर गेलो. आम्ही दोघं, दासी गाढवावर उभी बांधलेली, आणि मागे उनैसा, कारण पाण्याचं प्रमाण तिच्या हाताला बसलं आहे असं वहबानचं म्हणणं. रस्त्यानं लोक बाजूला होत होते. एका म्हातारीनं तांब्याच्या दासीला सलाम केला.

जुरैकनं यंत्राकडे पाहिलंच नाही. त्यानं पुस्तक मागितलं, पान काढलं, कर्कटक उघडलं. मी भिंतीकडे पाहत राहिलो. त्याचा आवाज आला, "झाडं?" आणि मग, "खातूनसाहेब, या माणसानं पुस्तक नासलंय. हा तांबट शिकवतो आणि हा काढतो. मी म्हटलं होतं, हुबेहूब. हे बघा, समासात खरडलंय. पेटी निम्म्याहून कमी आहे. झाडं आहेत!"

"कारभारी," खातूनसाहेब म्हणाल्या, "आधी मला हात धुवू द्या."

त्यांनी उनैसाकडून शेपटी कशी दाबायची ते विचारून घेतलं. टाकी भरून झाल्यावर सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. पोरींनाही. जुरैकलाही. दार लोटून घेतलं.

आम्ही ओसरीवर उभे. मी आयुष्यात पुष्कळ पानं मोठ्या माणसांपुढे ठेवली आहेत, पण असं दाराबाहेर कधी उभं राहिलो नव्हतो. चित्राचं बरं असतं. ते दिलं की दिलं. वहबानचे ओठ हलत होते. तो काय म्हणत होता कोण जाणे, प्रार्थना असेल नाहीतर मापं असतील.

पक्षी बोलला.

मग पाण्याचा आवाज. मग तोही थांबला. मी मनातल्या मनात गोळा वर चढवत होतो. दोरी सैल. शिसं. खांदा. आतून काहीच ऐकू येईना. हात आला की नाही आला? जुरैक दाराकडे निघाला. उनैसा त्याच्या आड आली, नुसती उभी राहिली. तो मागे सरला.

खूप वेळानं दार उघडलं. खातूनसाहेबांच्या वाकड्या बोटांत पंचा होता. कपाळावरचे केस ओले होते.

"नमाज झाली," त्या म्हणाल्या.

आम्ही हात आला का याची वाट पाहत होतो, आणि त्यांची आत नमाज होऊन गेली होती. मला काय झालं ते सांगता येत नाही. मी निळ्या बोटांनी डोळे पुसले, आणि घरी येईपर्यंत तोंडावर निळं होतं.

मग त्यांनी पान मागवलं. दोन्ही पेट्या पाहिल्या, मोठी आणि समासातली. टीप वाचायला लावली. जुरैक म्हणाला, "निदान ती चुकलेली पेटी तरी खोडायला सांगा."

"राहू द्या. नाहीतर तुम्ही मोजणार काय?" त्या म्हणाल्या. "आणि आमच्या ह्यांच्या हाताखालून हे पान पुष्कळदा गेलं असेल. ते नेहमी म्हणायचे, हे यंत्र चालेलसं वाटत नाही. का, ते त्यांना कधी कळलं नाही. कळलं असतं तर आवडलं असतं." झाडांवर बोट फिरवत म्हणाल्या, "ही छान आहेत."

निघताना त्यांनी दासीकडे नीट पाहिलं. "हिच्या हनुवटीवर तीळ आहे. पुस्तकात नाही."

वहबानची मान खाली. बिचारा. त्याला वाचवायला मी पुढे झालो, "कारागिराची लहानशी चूक आहे, खातूनसाहेब. घासून काढता येईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग उनैसाकडे, परत माझ्याकडे. "मुफर्रिज," त्या म्हणाल्या, "तुझी नजर फक्त कागदावरच चालते का रे?"

इतक्या मोठ्या घरून आपल्या एकाग्रतेची तारीफ झाली, की बरं वाटतंच.

शाबान २७

सकाळी वहबान आला. आज मापं नव्हती, चाचणी नव्हती, भांडी नव्हती. नवा अंगरखा घातला होता आणि दाढीला तेल. मला वाटलं, मोसुलला परत निघाला, निरोप घ्यायला आला. मला एकदम वाईट वाटलं, इतकं की माझं मलाच नवल वाटलं.

तो बसला. उठला. परत बसला. म्हणाला, "उस्ताद, मला तुमच्या घरातलं एक मागायचं आहे."

मी म्हटलं, "पान मागू नका. पान हवेलीचं आहे."

"पान नाही."

"मग भिंग? घेऊन जा."

"भिंग नाही हो!" तो जवळजवळ ओरडलाच. मग त्यानं सांगितलं.

मी भिंग उचलून परत खाली ठेवलं. शेवटी म्हटलं, हे तिला विचारलं पाहिजे, ती विधवा आहे, कुणी तिच्यावर जबरदस्ती करू शकत नाही, आणि खरं सांगायचं तर तिला तुमची जरा चीडच आहे. हळूहळू विचारावं लागेल.

उनैसा दारात उभी होती, हातात पिठाची चाळणी. "दादा," ती म्हणाली, "मला रजबमध्येच विचारलंय."

तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं. हनुवटीवर डाव्या बाजूला तीळ आहे. लहानपणापासून आहे. जन्मभर चेहरे काढले मी.

"आणि पातेलं?" मी विचारलं. 

"पातेलं चांगलं होतं," ती म्हणाली. "तपेल्या पण."

वहबान जमिनीकडे बघत म्हणाला, "कल्हई मात्र मी खरीच केलीय."

मग मी हसलो. तेही हसले. शेजारीण भिंतीवरून विचारू लागली की काय झालं, तर तिलाही सांगितलं. ती म्हणाली, हे तर तिला सांगाड्याला डोकं नव्हतं तेव्हापासून माहीत आहे.

शव्वाल ९

रमजानात काही लिहिलं नाही. ईदनंतर निकाह झाला. खातूनसाहेबांनी जर्दाळूंची करंडी पाठवली आणि स्वतःच्या हातानं, म्हणजे मनगटात बोरू अडकवून, दोन ओळी आशीर्वाद लिहिले. उनैसा तांबट आळीत राहायला गेली. तिथे इतकी ठोकाठोक असते की एकमेकांशी ओरडून बोलावं लागतं. तिला ते आवडतंय असं दिसतं.

घर शांत आहे. मला शांतता आवडते, असं मी मागे लिहिलंय. ते पान आता फाडावं की समासात टीप लिहावी?

शव्वाल १३

पुस्तकाचं पुढचं पान घेतलं. हौदातून पाणी उपसणारं यंत्र, त्याला गाय जुंपलेली. गाय सुरेख काढली आहे जुन्यानं. मी गाय उतरवली, दातेरी चाकं उतरवली, आणि मग नळीपाशी कुंचला थांबला. पूर्वी थांबत नसे. नळी चाकाच्या मागे जाते आणि पुढे दिसत नाही. मागे जाऊन ती वर वळते की खाली? जुन्याला माहीत होतं, की त्यालाही जागा पुरली नाही?

पान गुंडाळून घेऊन जायचं नाही असा हुकूम आहे. म्हणून कागदावर कच्चं उतरवून तांबट आळीत गेलो.

वहबान घरी नव्हता, सराईच्या नळांच्या कामाला गेला होता. उनैसानं दार उघडलं, हात पिठानं भरलेले. "दादा! बरा आलास. बस. भाकरी भाजतेय." मी म्हटलं, मी नुसता एक नळी विचारायला आलोय. ती म्हणाली, नळी कुठे पळून चाललीय?

मग तिनं मांस भरलेली वांगी वाढली. शेजारचा तांबट ठोकत होता, त्यामुळे ती ओरडून सांगत होती आणि मी ओरडून हो हो म्हणत होतो. वहबान आला तोवर मी पाठ टेकली होती. त्यानं मोसुलच्या एका रहाटाची गोष्ट काढली, मग जर्दाळू आले, मग ती गोष्ट परत पहिल्यापासून झाली कारण उनैसाला पाणी कुठे जातं ते कळलं नव्हतं.

घरी येऊन कंबरेचा शेला सोडला तर कच्चा कागद तसाच घडी घातलेला. नळीचं विचारायचं राहूनच गेलं. उद्या परत जावं लागणार.